सायंकाळची नगरप्रदक्षिणा

वारकऱ्याला प्रदक्षिणा नवी नाही. आषाढी एकादशीला चंद्रभागेचे स्नान झाले, की पंढरीत दिंड्या नगरप्रदक्षिणेला निघतात. ज्याला त्या गर्दीत राउळात शिरणे जमत नाही, तो कळसाला हात जोडतो, प्रदक्षिणा पुरी करतो आणि वारी पोहोचली असे मानतो. देवाभोवती फिरावे तसे देवाच्या गावाभोवती फिरावे, ही त्यामागची समजूत. गावसुद्धा देवाचेच अंग आहे, असे आपल्या वाडवडिलांनी मानले. मात्र ज्या गावात आपण उभा जन्म काढतो, जिथले पाणी पितो, त्या गावाला एकदा तरी प्रदक्षिणा घालावी, असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते?

कंठ पूर्वीसारखा साथ देईना, तेव्हा मी कीर्तनाची सेवा थांबवली. तेव्हापासून सायंकाळ मोकळी असते. उन्हे उतरली की सायकल काढतो आणि दिवेलागणीपर्यंत पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडतो. माझ्या वयाला आता पायी पाच-सहा मैल झेपत नाहीत. गाडीत बसून गेले तर दुकानांच्या पाट्यांपलीकडे काही दिसत नाही. सायकल या दोहोंच्या मधली. वाटेल तिथे थांबता येते, बोळात शिरता येते, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘रामकृष्ण हरी’ म्हणता येते. गर्दी फार झाली की खाली उतरून सायकल हातात धरावी. त्यात कमीपणा नाही. दिंडीतही रस्ता अरुंद झाला की आपण पाऊल आखडतेच घेतो.

तरुण वाचकांना खरे वाटणार नाही, पण पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. गिरणीत, कारखान्यात, कचेरीत, कॉलेजात जाणारा माणूस सायकलवरच असे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठोपेठी होती. अंधार पडल्यावर दिव्यावाचून सायकल चालवली, की चौकात पोलीस धरत. डबलसीटलाही बंदी. आम्ही कीर्तनकार मंडळी पेठेतल्या सप्ताहांना सायकलवरच जात असू. खांद्यावर उपरणे, हँडलला फेट्याची आणि टाळांची पिशवी. मृदंग सांभाळून धरायला मागे माणूस लागे आणि चौकी जवळ आली, की मृदंगमणी मुकाट्याने उतरून चालू लागत. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी आल्या आणि सायकल गरिबाची व शाळकरी पोरांची उरली. आता काही तरुण पहाटे भारी सायकली घेऊन सिंहगडाकडे जाताना दिसतात. त्यांचे कौतुकच आहे. मला मात्र डोंगर चढायचा नाही. मला माझे गाव पाहायचे आहे.

पुण्याचे वय मोठे आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ असे उल्लेख आहेत. विषय म्हणजे त्या काळचा एक प्रांत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली सिद्ध झाली. त्याच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी या भूमीला नाव होते. माउली आळंदीत होते, तुकोबाराय देहूत होते आणि या दोन्ही क्षेत्रांहून एका दिवसाच्या चालीवर हे गाव मुठेच्या काठी वसलेले होते.

मी प्रदक्षिणा कसब्यापासून सुरू करतो. हा गावाचा जुना गाभा. जिजाऊसाहेबांनी बाल शिवबांना घेऊन उजाड झालेले गाव इथेच पुन्हा वसवले. कसबा गणपतीला नमस्कार करून तांबट आळीत शिरावे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडण्याचा आवाज तिथे अजून कानी येतो, पूर्वीइतका नसला तरी येतो. हंडे, घागरी, बंब यांना इथे ठोके देतात, तेव्हा भांडे चकाकते आणि बळकटही होते. पलीकडे कुंभारवाडा. रविवार पेठेकडे गेले की सराफांची दुकाने. पेठांत बुरुडांची आळी आहे, भोयांची आहे. या आळ्यांतून सायकल हाकताना मला आपल्या संतमेळ्याची आठवण होते. गोरोबाकाका कुंभार, नरहरी सोनार, सेना महाराज न्हावी, सावता महाराज माळी, चोखोबाराय महार. संतांची नावे सांगताना संप्रदायाने त्यांचा धंदा किंवा त्यांची जात पुसली नाही. गोरोबाकाकांनी मडकी थापायचे सोडून परमार्थ केला नाही, थापता थापता केला. तेव्हा ज्याला संतांचे चरित्र समजून घ्यायचे, त्याने पोथीबरोबर चाकावरची मातीही एकदा जवळून पाहावी.

कसब्यातून थोडे पुढे आले की शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला. तो शनिवार होता. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतला वाडा जळाला. तट आणि दिल्ली दरवाजा राहिला. सायंकाळी तिथे मुले खेळतात, फुगेवाले उभे असतात. एवढ्या मोठ्या सत्तेचे घर शंभर वर्षे काही पुरे उभे राहिले नाही. कीर्तनात वैराग्याचे निरूपण करताना मी हा दृष्टांत पुष्कळदा घेतला आहे. पुणेकर श्रोत्याला तो लगेच पटे, कारण तो रोज त्या तटावरून जात असे.

वारांच्या नावांच्या पेठा तर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची जुनी नावे मात्र लोक विसरले. सोमवार पेठ म्हणजे पूर्वीचे शहापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, गुरुवार पेठ ही वेताळ पेठ. देवांच्या नावांचीही तीच गंमत. पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा. परगावच्या माणसाला हसू येते. पुणेकराने मात्र देवाशी जवळीक असल्याशिवाय असे नाव ठेवले नसते. घरातल्या लाडक्या माणसालाच टोपणनाव मिळते. ज्या विठोबाच्या आसपास पासोड्या विकल्या जात तो पासोड्या, जो निवडुंगाच्या बनात सापडला तो निवडुंग्या. डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डुलला, अशी आख्यायिका आहे. १७६१ च्या संक्रांतीला घरोघरची माणसे गेली, तेव्हा या गावाच्या देवालाही धक्का बसला, असे लोकांना वाटले. इतिहासाच्या पुस्तकात पानिपताचे आकडे असतात. गावाला काय वाटले ते या एका नावात आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण माझी प्रदक्षिणा पाण्याभोवतीच फिरते. जुन्या पुण्याला उत्तरेस आणि पश्चिमेस मुठा, पूर्वेला नागझरी आणि दुसऱ्या अंगाला आंबील ओढा. आंबील ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांनी वळवून घेतला. त्याच काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून सुमारे आठ किलोमीटर आणून शहरात खेळवले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. जमिनीच्या उताराशिवाय पाण्याला दुसरा जोर नाही. हे पाणी शनिवारवाड्यात कारंज्यांतून उडाले आणि पेठांतल्या हौदांत साठले. फडके हौदासारखी चौकांची नावे त्याची साक्ष देतात. हौद बुजले, वर रस्ते झाले, नावे तेवढी उरली. आज सायकल थांबवून एखाद्या तरुणाला विचारावे, ‘बाळ, इथे हौद कुठे आहे?’ तो म्हणतो, ‘आजोबा, हौद नाही, हा हौद चौक आहे.’

हौद म्हणजे पेठेचे पोट. सकाळ-संध्याकाळ बायका घागरी घेऊन जमत. सुखदुःख तिथे बोलले जाई, सोयरिकी तिथे जुळत. मात्र या हौदावर कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही, हे ठरलेले होते. गावाचे पाणी सर्वांच्या मालकीचे, असे तोंडाने म्हटले तरी घागर बुडवायचा अधिकार सर्वांना नव्हता. ही गोष्ट मनात ठेवून आता आपण नागझरी ओलांडू.

लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे, डुल्या मारुतीवरून पुढे गेले की नागझरीपलीकडे नाना पेठ आणि तिच्यापुढे भवानी पेठ लागते. नाना पेठेचे नाव नाना फडणविसांवरून. भवानी पेठेला पूर्वी बोरवन म्हणत. बोरींची झाडे खूप. पुढे तिथे भवानीचे देऊळ झाले, गुळाचा, भुसाराचा बाजार बसला, लाकडाच्या वखारी आल्या. ही व्यापाऱ्यांची, हमालांची, गाडीवानांची, कारागिरांची वस्ती. आणि आपल्या संप्रदायाचे पुण्यातले दोन मोठे मुक्काम याच वस्तीत आहेत. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते आणि माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात.

पालखीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तरी दोन शब्द सांगतो. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. देहूहून आळंदीस येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि दोघांनी मिळून पंढरीस जायचे, असा तो क्रम होता. पेशवाई १८१८ साली संपली. त्यानंतर, १८३२ च्या सुमारास, सातारा भागातल्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हे शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. तलवार ठेवली आणि माउलींच्या दारची पायरी झाले. आळंदीत समाधिमंदिराच्या दाराशी हैबतबाबांची पायरी आहे. तिला हात लावल्यावाचून वारकरी आत जात नाही. तेव्हापासून दोन्ही पालख्या पुण्यात येतात, विसावा घेतात आणि मग एक दिवेघाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरला.

या दोन दिवसांत नाना पेठ आणि भवानी पेठ यांचे रूप पालटते. वखारवाला वखार मोकळी करून दिंडीला जागा देतो. गुळाच्या अडत्याकडे पंगत बसते. न्हावी फुकट दाढी करतो, चांभार फुकट वहाण शिवतो. कोणाच्या ओट्यावर कोण झोपले हे कोणी विचारत नाही. पण मी तुम्हाला पालखीच्या दिवसाची गोष्ट सांगत नाही. ती तुम्हीही पाहिली आहे. एखाद्या साध्या मंगळवारी, भाद्रपदात किंवा माघात, सायंकाळी तिथे जावे. रस्त्यावर मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने, हातगाड्या, कापलेल्या लाकडाचा वास. देवळात हरिपाठाला पाच-सात माणसे. विटेवरची मूर्ती तीच, टाळाचा ठेका तोच. ज्या देवळापुढे वर्षातून दोन दिवस लाखांनी माणसे उभी असतात, तिथे आज आपण एकटे उभे आहोत, हे जाणवले की मन आपोआप विचार करू लागते.

माझ्या मनात तिथे एक प्रश्न उभा राहतो, आणि या लेखाचा भार त्या प्रश्नावरच आहे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. चंद्रभागेच्या वाळवंटात उच्चनीच उरत नाही, असे आपण सांगतो आणि ते खरेही आहे. मग वाळवंटातली ती समता वारकरी घरी परतताना वाटेत कुठे ठेवून येई? पंढरीत ज्याला आलिंगन दिले, त्याची घागर पेठेच्या हौदावर का चालत नव्हती? शेकडो वर्षे पालखी या गावातून गेली; त्याच वर्षांत त्याच गावचे हौद बंद होते. इतिहास पाहायचा तर हेही पाहिले पाहिजे.

उत्तर शोधायला सायकल फार लांब न्यावी लागत नाही. जवळच गंज पेठ आहे. तिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई यांचा वाडा आहे. बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे सर्वांना माहीत आहे. तो जुना वाडा स्मारकासाठी आता उतरवला गेला. फुलेवाड्यात मात्र हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. पालखी विठोबापासून ही जागा सायकलने काही मिनिटांवर. जोतीराव आपल्या संप्रदायाचे नव्हते. त्यांनी पुढे १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. त्यांची वाट निराळी आणि धर्मातल्या पुष्कळ गोष्टींवर त्यांनी कडक टीका केली. त्यांना ओढूनताणून माळ घालण्याचे कारण नाही. पण आपण कीर्तनात जे सांगत होतो, ते एका माणसाने आपल्या अंगणात करून दाखवले, एवढे कबूल करायला आपल्याला जड जाऊ नये. त्या अंगणात आज तुळशीवृंदावन आहे, तीच त्यांची समाधी. तिथे मी हात जोडतो.

त्यांचेच सहकारी डॉक्टर विश्राम घोले. त्यांची मुलगी लहान वयात वारली. घरात तिला बाहुली म्हणत. तिच्या स्मरणार्थ डॉक्टरांनी सर्व लोकांसाठी हौद बांधला. तो बाहुलीचा हौद. लेक गेलेल्या बापाने देऊळ न बांधता पाणी खुले केले. नाना पेठेत अहल्याश्रम आहे. तो उभा केला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी. त्यांचा जन्म १८७३ चा, जमखंडीचा, आणि घर वारकऱ्याचे. वडील वारी करणारे. मुलाचे नावच विठ्ठल. १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. पुण्यात या कामासाठी जी वास्तू झाली, तिला होळकर महाराजांच्या देणगीमुळे पुण्यश्लोक अहल्याबाईंचे नाव मिळाले. निवडुंग्या विठोबाच्याच पेठेत ही वास्तू आहे. आपल्या दिंडीतल्या घरातला एक मुलगा इथे येऊन जन्मभर हेच काम करत राहिला, हे आपल्या तरुण कीर्तनकारांना ठाऊक असावे.

नाना पेठेतून परतताना दक्षिणेकडे पर्वती दिसते. नानासाहेबांनी बांधलेल्या देवस्थानाच्या शिखरावर सायंकाळचे ऊन रेंगाळते. सायकल तिथे चढत नाही. पायथ्याशी लावून पायऱ्या चढाव्या लागतात. त्याच पायऱ्यांवर ऑक्टोबर १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी देवदर्शनासाठी सत्याग्रह केला. त्यांना मार पडला, दर्शन मिळाले नाही. आणि आपल्या पंढरीत? चोखोबारायांची समाधी महाद्वारात, नामदेवरायांच्या पायरीसमोर आहे. देवाचा एवढा लाडका भक्त, पण त्याच्या जातीच्या माणसाला पायरीपुढे जाता येत नव्हते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण मांडले, तेव्हा दार उघडायचा मार्ग मोकळा झाला. गंज पेठेतला हौद १८६८ चा आणि पंढरीचे दार १९४७ चे. मध्ये एकोणऐंशी वर्षे. या एकोणऐंशी वर्षांत किती वाऱ्या झाल्या, किती काल्याची कीर्तने झाली, याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा.

स्वातंत्र्यानंतरही काम संपले नव्हते. याच पेठांतल्या हमालांचे संघटन करणारे बाबा आढाव यांनी सत्तरच्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली. म्हणजे तेव्हाही खेडोपाडी पाणवठे दोन होते. त्यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ओझी वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण. पालखीच्या दिवसांत या पेठेत अन्नदान होते. बाकीच्या दिवसांची भूक कोणी पाहायची, हे कोणीतरी तिथेच मनावर घेतले.

हे सारे मी बोलू लागलो, की काही जुने श्रोते म्हणतात, ‘बुवा, हा परमार्थ नव्हे, हे समाजकारण झाले. सायंकाळी हरिपाठ करावा, देवाचे नाव घ्यावे.’ त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. नामावाचून सारे कोरडे आहे. पण आपल्या संप्रदायातली थोर माणसे गावापासून तुटून राहिली नाहीत. ज्यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ते विष्णुबुवा जोग महाराज पुण्याचेच. तालमीत घुमलेले मल्ल होते. गरिबाच्या, खेड्यातल्या मुलाला ज्ञानेश्वरी शिकता यावी म्हणून त्यांनी संस्था उभारली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि माळकरी वारकरीही. वर्गात तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस फडावर टाळकऱ्यांत उभा राही. विद्वान आणि अडाणी, पेठ आणि खेडे, यांच्यामधला ओढा या मंडळींनी आपल्या परीने ओलांडला. नागझरी काय, फक्त जमिनीवर नसते.

म्हणून मला वाटते, आपल्या गावाची प्रदक्षिणा हा वारीचाच एक भाग मानावा. वारी आपल्याला पंढरीला नेते आणि परतही आणते. परतलेल्या माणसाने आपले गाव देवाच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तसे पाहणे घरात बसून होत नाही. जुने वाडे भराभर उतरत आहेत. ज्या म्हाताऱ्यांना हौद आठवतात, ते माझ्याच वयाचे किंवा वडील. आणखी दहा वर्षांनी पुण्याच्या चौकात उभे राहून ‘इथे काय होते?’ असे विचारले, तर सांगणारा कोणी नसेल. आणि ज्या गावाला आपल्या पाण्याची गोष्ट आठवत नाही, ते गाव जुना अन्याय नव्या रूपात पुन्हा करायला मोकळे होते. आज हौद नाहीत, पण एका सोसायटीत चोवीस तास नळ आणि पलीकडच्या वस्तीत टँकरपुढे हंड्यांची रांग, हे मला याच सायकलवरून दिसते.

तेव्हा माउली हो, एक विनंती करतो. तुम्ही पुण्यात असा, साताऱ्यात असा, नांदेडला असा किंवा एखाद्या लहान गावात. आठवड्यातून एक सायंकाळ काढा. सायकल असेल तर सायकल, नसेल तर पायी. बरोबर घरातले एखादे लेकरू घ्या. त्याला मागे कॅरिअरवर बसवले तरी आता कोणी अडवत नाही. घाई करू नका. तीन गोष्टी विचारत जा. या गावाला पूर्वी पाणी कुठून येई? त्या पाण्याला कोणाला हात लावता येत नव्हता? आणि दिंडी या गावात कोणाच्या दारी उतरे? ओट्यावर बसलेल्या माणसांना विचारा, देवळाच्या पुजाऱ्याला विचारा, हमालाला विचारा, पाणवठ्यावर गेलेल्या आजीबाईंना विचारा. सांगतील ते घरी येऊन वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. एका वर्षात गावाची पोथी तयार होईल. ती पारायणाच्या पोथीशेजारी ठेवायला हरकत नाही.

आणि जमले तर आपल्या दाराशी, रस्त्याच्या बाजूला, पाण्याचा एक माठ ठेवा. ओला फडका गुंडाळलेला, वर झाकण, शेजारी पेला. रोज सकाळी धुऊन भरा. कोण प्याले ते विचारू नका. दोन दिवसांपुरता नव्हे, बारा महिने.

रामकृष्ण हरी.